काम माझं, नाव भलत्याचंच!

प्रश्न : शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आम्ही चौघं मिळून करतोय. कोड मी कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवरून गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) टाकते. पण माझे सगळे कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल) आमच्या एका सीनियरच्या नावानं, त्याच्या फोटोसकट दिसतात. तो केव्हाच पास होऊन गेला! मी पासवर्ड बदलून पाहिला, फरक शून्य. गाइड विचारतात, तुझं काम कुठाय? अकाउंट हॅक झालंय का?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : हॅक वगैरे काही नाही. सीनियर महाशय जाताना मशीनवरचं आपलं नाव पुसायला विसरले, इतकंच.

लॉगिन आणि कमिटवरचं नाव यांचा एकमेकांशी संबंध नसतो. कोड वर चढवायची परवानगी लॉगिन देतं. नाव आणि ईमेल गिट, म्हणजे बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम, एका सेटिंग फाइलमधून उचलतं आणि खरंखोटं न बघता छापतं. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव काय लिहिलंय, हे पोस्टमन कुठे तपासतो? गिटहब तो ईमेल बघतं, ज्याच्या खात्यात सापडेल त्याचा फोटो लावतं. लिनस टोरवाल्ड्सनं 2005मध्ये आपल्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमच्या कामासाठी गिट लिहिलं. तिथे पॅच (कोडमधले बदल) ईमेलनं येत, लिहिणारा एक आणि आत घेणारा दुसरा. म्हणून आजही प्रत्येक कमिटमध्ये ऑथर आणि कमिटर वेगळे नोंदले जातात.

प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ही कमांड द्या (टाइप अर्थातच रोमन लिपीत) : गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन --गेट युजर.ईमेल. ईमेल कुठल्या फाइलमधून आला तेही कळेल. बहुतेक ग्लोबल फाइल निघेल, म्हणजे त्या लॉगिनवरच्या सगळ्या प्रोजेक्टना लागू होणारी. लॅबमध्ये सगळे एकाच विंडोज लॉगिननं बसतात, म्हणजे एकाचं ग्लोबल ते सगळ्यांचं! तिथे स्वतःचं नाव घालू नका, नाहीतर पुढच्या वर्षी हेच पत्र तुमच्या ज्युनियरकडून येईल. त्याच फोल्डरमध्ये --लोकल (फक्त याच प्रोजेक्टपुरतं) लावून युजर.नेम आणि युजर.ईमेल भरा, लोकलपुढे ग्लोबलचं काही चालत नाही. लॅबच्या सरांना सांगून ग्लोबलमधलं नाव काढून टाका आणि युजर.युजकॉन्फिगओन्ली हे ट्रू करून घ्या. मग नाव न भरता कमिट करू गेलं की गिट अंदाजपंचे काही न लिहिता सरळ नकार देतं.

आता जुने कमिट. शेवटचा एकच आणि अजून गिटहबवर न चढवलेला असेल तर गिट कमिट --अमेंड --रिसेट-ऑथर. त्यामागचे किंवा वर चढवलेले बदलायचे तर इतिहास नव्यानं लिहावा लागतो, हॅश (प्रत्येक कमिटचा ओळखक्रमांक) बदलतात आणि उरलेल्या तिघांच्या कॉप्यांशी मेळ बसत नाही. सबमिशन तोंडावर असताना हा उपद्व्याप नकोच. सीनियरनं या प्रोजेक्टमध्ये खरंच काही लिहिलेलं नसेल, तर .मेलमॅप नावाची फाइल करा. एका ओळीत आधी तुमचं नाव-ईमेल, पुढे त्याचा ईमेल. मग गिट शॉर्टलॉग -एसएनई चालवा. कोणाचे किती कमिट याची यादी तुमच्या नावानिशी येईल. ती गाइडना दाखवा. गिटहबवरचा फोटो मात्र यानं बदलणार नाही.

एक गोष्ट आजच बघा. विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (लॉगिन साठवून ठेवायची जागा) गिटहबची जुनी नोंद त्याच्याच खात्याची तर नाही ना? असेल तर ती काढा आणि त्याला फोन करून जुना टोकन (पासवर्डऐवजी चालणारा संकेत) रद्द करायला सांगा. नाव चुकणं परवडलं. त्याच्या खात्याची किल्ली अख्ख्या लॅबच्या हातात असणं नाही परवडत.