पुनर्स्थापना, पुनरुत्थान आणि तव्यावरची भाकरी

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय: त्यांच्या चर्चच्या मंडळीची उपवास-प्रार्थना आहे. फ्लेक्सवर 'देशाच्या आध्यात्मिक पुनर्स्थापनेसाठी' छापायचं की 'पुनरुत्थानासाठी'?

दोन्ही नको. 'पुनर्स्थापना' हा शब्दच चुकीचा. 'पुनर्'मधला र् स्वरापुढे आणि मृदू व्यंजनापुढे टिकतो: पुनरागमन, पुनर्जन्म, पुनर्विवाह. पुढे क, प, स असं कठोर व्यंजन आलं की विसर्ग. म्हणून पुनःस्थापना, पुनःप्रक्षेपण. टीव्हीवरचं 'पुनर्प्रक्षेपण' ऐकून माझे कान किटलेत. (पुढे र आला तर संस्कृतात विसर्ग जातो आणि आधीचा स्वर लांबतो. 'पुना रमते' हे त्याचं ठरलेलं उदाहरण, पुण्याशी काही संबंध नाही. मराठीत आपण खुशाल 'पुनर्रचना' म्हणतो, आणि ते मला चालतं.)

'पुनरुत्थान' शुद्ध आहे, पण चर्चमध्ये त्याची जागा राखीव आहे. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला, ते पुनरुत्थान. आमच्या ओळखीचे एक निवृत्त संस्कृत शिक्षक म्हणतात, उत्थान म्हणजे उठणं, देश उठला तर बिघडलं कुठे? सर, बिघडतं. देश मेलाय असं या मंडळींचं म्हणणं नाही, वाट चुकलाय असं आहे. शिवाय उत्थान आणि स्थापना दोन्ही एकाच 'स्था' धातूची लेकरं, पण उठणारा आपला आपण उठतो. स्थापायला दुसरा लागतो, आणि प्रार्थना त्या दुसऱ्यालाच करायची असते. कोशात अर्थ सापडला म्हणून शब्द कुठेही बसत नाही, सर.

आता खरी गंमत. ही प्रार्थना ज्या वचनावर उभी असते ते बायबलमधलं 2 इतिहास 7:14. माझे लोक दीन होऊन वाईट मार्गांपासून वळले तर मी त्यांचा देश बरा करीन, असं देव शलमोन राजाला सांगतो. तिथल्या 'वळले'चा हिब्रू धातू 'शूव'. आणि बायबलमधल्याच 'विलापगीत' या पुस्तकाच्या शेवटी (5:21) त्याच धातूची दोन रूपं एकाच वचनात येतात. 'हशीवेनू', म्हणजे आम्हाला परतव, आणि 'नाशूवा', म्हणजे आम्ही परतू. एक प्रयोजक, म्हणजे दुसऱ्याकडून करवून घेणारं, एक साधं. (हिब्रू ठाणेकरांना परकी नाही. टेंभी नाक्याजवळच्या 1879च्या सिनेगॉगचं, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचं, नाव 'शाअर हाशमाइम' आहे, स्वर्गाचं दार.)

मराठीनं तर याहून कमाल केलीय. 'आई परतली' आणि 'आईने भाकरी परतली'. क्रियापदाचं रूप तेच, फरक फक्त एका 'ने'चा! तव्यावर भाकरी टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकत आलं की कालथ्यानं परतली. पाणी सुकायच्या आत परतली तर चिकटते, उशीर केला तर चिरते. भाकरी स्वतःहून परतत नाही. विलापगीत लिहिणाऱ्याला दोन रूपं लागली, आपल्या स्वयंपाकघरात एकात भागतं. 'परत'चं मूळ 'परावृत्त' हे माझं ठाम मत आहे, वाद घालायला कुणीही यावं.

पंडिता रमाबाईंना हे कळलं असतं. 1878 साली कलकत्त्यानं 'पंडिता', 'सरस्वती' म्हणून गौरवलेली बाई, पण हिब्रू-ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं ते संस्कृत शब्द टाळून, खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली प्रार्थनेतून मोठी जागृती झाली. तिथे रडणाऱ्या मुलींना विसर्गाचे नियम कुणी विचारले नसतील.

हां, ताईंचा फ्लेक्स. माझं ऐकाल तर 'देश देवाकडे परतावा म्हणून प्रार्थना' छापा. कमिटीला भारदस्तच हवं असेल तर 'पुनःस्थापना', पण प्रूफ दुकानात बसून बघा. विसर्गाची ती दोन टिंबं डिझाइन करणारा पोरगा हमखास पुसतो.