आई-बाबा वाईला यायचं म्हणताहेत ना?

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

आई-बाबा ठाण्यातला फ्लॅट भाड्याने देऊन इकडे यायचं म्हणताहेत, आणि तू धास्तावली आहेस. अडवू नकोस. फक्त घर विकत घेण्याआधी वर्षभर भाड्याने राहू देत, आणि त्यात पावसाळा आलाच पाहिजे. हिवाळ्यात मेणवलीचा घाट बघून भुलणारे पुष्कळ. पण धोम धरणातून पाणी सोडलं की कृष्णा महागणपतीच्या देवळात शिरते. काठच्या घरांत ओल कुठवर चढते, ते तेव्हाच कळतं.

जुने वाडे देखणे, पण गुडघ्यांचे वैरी. बाबा आज जिने चढतात म्हणून माडीवरची जागा घेऊ नका. न्हाणीघरात पहिल्याच दिवशी भिंतीत पक्का दांडा बसवून घ्या. टॉवेलचा नव्हे, तो माणसाचा भार पेलत नाही, आणि घसरणारं माणूस नेमका तोच धरतं. बाबांना रक्तदाबाची गोळी आहे, तेव्हा रात्री उठताना मिनिटभर पलंगावर बसून मगच उभं राहायचं. पाळी गेल्यावर बाईची हाडं भराभर विरळ होतात. आईच्या हाडांची घनता तपासून घे.

किरकोळ दुखण्याखुपण्याला इथे डॉक्टर आहेत, मोठं काही निघालं तर सातारा नाहीतर पुणे. किती किलोमीटर, ते विचारू नकोस; रात्री दोनला गाडी कोण काढेल, ते विचार. सत्तरी गाठलेल्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मानचं कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. कुठल्या रुग्णालयात ते चालतं, हे मात्र आधीच बघून ठेव.

आता तुला न आवडणारं. घर त्यांच्याच नावावर राहू दे. बक्षीसपत्र नको, मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार पुरतात. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत मिळवायची सोय ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात आहे, पण आपल्याच लेकरावर अर्ज ठोकायला कुठल्या आईचा हात धजतो?

राहता राहिली माणसं. मी आले तेव्हा बरेच दिवस नुसती ‘मुंबईच्या बाई’ होते. मग कृष्णाबाईच्या, म्हणजे आपल्या नदीच्याच, उत्सवात आमच्या गणपती आळीच्या महाप्रसादाची भाजी चिरायला बसले. कुणाच्या सुनेचं पटत नाही, कुणाचा पाय सुजलाय, विळीवर बसल्या बसल्या सगळं समजलं. माझी साखर किती, हेही आळीभर झालं! तेव्हा चिडले होते. आता सकाळी दार उघडायला उशीर झाला तर दूधवाला शेजारणीला उठवतो, आणि तिच्याकडे माझी किल्ली असते. ठाण्यात तुमच्या मजल्यावर कुणाकडे किल्ली आहे का, बघ.

बाबा माणूसघाणे आहेत, ठाऊक आहे मला. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या गळ्यात इथे वर्गणीचा हिशेब आपोआप पडतो. एकदा पावतीपुस्तक हातात आलं की बोलावंच लागतं.

माघात उत्सव लागेल, तेव्हा दोघांना आठवडाभर माझ्याकडे पाठव. तू सोबत येऊ नकोस, नाहीतर बाबा तुझ्याच तोंडाकडे बघत बसतील. आईचे रिपोर्ट तेवढे पिशवीत घाल, इथल्या डॉक्टरांना दाखवून घेते.

तुझी,
मावशी