ॲमस्टरडॅम–फ्रँकफर्ट विमान लेट झालं आणि पुढचं मुंबईचं चुकलं, तर पैसे मिळतात का? मध्ये दीड तास पुरतो का?

मिळतात. आणि ते मागायचेच. "परक्या देशात कशाला वाद" म्हणणारी माणसं माझ्या घरातच आहेत, म्हणून सविस्तर लिहितेय.

आई आमच्याकडे ॲम्स्टेलव्हेनला राहून परत निघाली होती, मी सोबत. मुंबईपर्यंत सगळं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये. स्किपोलला, म्हणजे ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर, गेटवर बसलो, तर बोर्डावर आधी वीस मिनिटं उशीर, मग चाळीस, मग नुसतंच 'डिलेड'. कारण काय, तर तांत्रिक बिघाड. दोन तासांनी खाण्याची कूपनं आली. आईची संकष्टी. कूपनवर फक्त सँडविच मिळेल म्हणाले. मी अडून बसले तेव्हा केळी आणि दही मिळालं. फ्रँकफर्टला पोचलो तोवर मुंबईचं विमान गेलेलं. रात्र हॉटेलात काढून दुसऱ्या दिवशी निघालो.

क्लेम केला तर एअरलाइनचं उत्तर आलं: बिघाड ही 'असाधारण परिस्थिती' होती, शिवाय फ्रँकफर्टचं विमान तीन तासांहून कमी लेट होतं. दोन्ही मुद्दे टिकणारे नाहीत. नेहमीचा तांत्रिक बिघाड असाधारण धरता येत नाही, हे युरोपच्या न्यायालयाने 2008 मध्येच सांगितलंय. आणि एकाच बुकिंगमध्ये शेवटच्या ठिकाणी किती उशिरा पोचलात ते बघतात, हा 2013 चा निकाल. ॲमस्टरडॅम ते मुंबई अंतर 3500 किलोमीटरच्या वर, म्हणजे माणशी 600 युरो. नुसतं फ्रँकफर्टचं तिकीट असतं तर 250, तेही पोचायला तीन तास उशीर झाला तरच. पोचण्याची वेळ विमानाचं दार उघडतं तेव्हाची. चाकं टेकली तेव्हाची नव्हे. हे सगळं लिहून पाठवलं आणि पैसे आले, आईचे वेगळे, माझे वेगळे.

आमचे भावोजी तेव्हा म्हणाले, "हॉटेल दिलं, जेवण दिलं, अजून काय हवं?" अहो, ते उपकार नाहीत. युरोपियन युनियनच्या 261/2004 या नियमाप्रमाणे धुक्याने विमान अडकलं तरी जेवण आणि मुक्काम द्यावाच लागतो. भरपाई त्याहून वेगळी, गेलेल्या वेळेची. तुमचा पासपोर्ट भारतीय आहे म्हणून त्यात काही कमी होत नाही.

दीड तास कागदावर पुरतो. पण फ्रँकफर्टला शेंगेनमधून (युरोपातल्या एकाच व्हिसाच्या देशांतून) बाहेर पडताना पासपोर्टची रांग असते. सोबत म्हातारं माणूस असेल तर आधीचं विमान घ्या.

आणि हो, धुकं, वादळ, एटीसीचा (हवाई वाहतूक नियंत्रकांचा) संप यात भरपाई नाही. एअरलाइनच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या संपात मात्र आहे. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर मुंबईचं चुकलेलं विमान तुमच्याच खर्चात. मुंबईहून येताना एअरलाइन युरोपची असेल तरच हा नियम लागतो. क्लेम एजंटला देऊ नका, चांगला मोठा वाटा कापतात. एअरलाइनच्या साइटवर फॉर्म असतो.

भावोजींचं म्युनिकहून येणारं विमान गेल्या वर्षी असंच पाच तास लेट झालं, बिघाडामुळेच. त्यांनी काही मागितलं नाही. जर्मनीत दाव्याची मुदत त्या वर्षाच्या अखेरीपासून तीन वर्षं असते, म्हणजे अजून वेळ आहे. मेल मी लिहून ठेवलाय, त्यांनी फक्त बोर्डिंग पास शोधून द्यावा.