रंगीत शालीत उठावाची वीण दिसत नाही, काय करावं?

लोकरच अनेकरंगी असेल तर वेण्या, जाळी असे विणीचे नमुने त्यात हरवतातच. त्यापेक्षा दोन एकरंगी लोकरी घ्या, एक गडद, एक फिकी. प्रत्येक रंगाच्या दोन-दोन ओळी विणा आणि दर चौथा टाका न विणता नुसता उजव्या सुईवर सरकवा, परतीच्या ओळीतही तोच. सरकवताना धागा मात्र कायम कापडाच्या उलट्या (मागच्या) बाजूला ठेवा. खालचा रंग वर ओढला जाऊन छान उठाव येतो, आणि एका ओळीत एकच रंग हाताळावा लागतो! या विणीने कापड आवळतं, म्हणून सुया एक-दोन नंबर जाड घ्या. कडेचे पाच-सहा टाके सगळ्या ओळींत सुलटच विणा, कड वळणार नाही.