मुलाला स्काउटच्या निवासी शिबिराला पाठवावे का? तिथे खरे साहस असते का?

आपला मुलगा सहावीत आहे, शाळेच्या स्काउट पथकाचे तीन दिवसांचे निवासी शिबिर डिसेंबरमध्ये रामटेकच्या बाजूला होणार आहे, आणि तिथे साहस म्हणावे असे काही असते की नुसती परेड, गाठी आणि प्रमाणपत्र, असे आपण विचारले आहे. शेवटी आपण असेही लिहिले आहे की त्यापेक्षा थोडे जास्त पैसे भरून एखाद्या खासगी ॲडव्हेंचर कॅम्पला पाठवणे बरे नाही का. मी उत्तर लिहायला बसले ती या शेवटच्या वाक्यामुळे. नागपूरच्या एका शाळेत मी अनेक वर्षे गाइड कॅप्टन, म्हणजे मुलींच्या स्काउट पथकाची प्रमुख, होते आणि शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य मी निवृत्त होईपर्यंत ऐकत आले.

माझे मत आधी सांगते. एखादी गोष्ट किती उंचावरून केली यावर तिच्यातले साहस मोजू नये. ती करताना निर्णय कोणी घेतला हे पाहावे. कंबरेला पट्टे बांधून मुलाला दोरीवरून सोडतात तेव्हा दोर कोणता, तो कुठे बांधायचा, वारा किती आहे, कधी सोडायचे आणि कधी थांबायचे हे सगळे दुसऱ्या कोणीतरी ठरवलेले असते आणि मुलाच्या वाट्याला फक्त ओरडणे येते. स्काउटिंगचे संस्थापक बेडन पॉवेल यांनी 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर पहिले प्रायोगिक शिबिर घेतले, तेव्हा 20 मुलांचे चार पॅट्रोल, म्हणजे लहान तुकड्या, पाडले आणि प्रत्येक पॅट्रोल त्यातल्याच एका मुलाच्या हाती दिला. त्या मुलांत श्रीमंतांच्या शाळांतली होती तशी कामकऱ्यांच्या घरचीही होती. स्काउटिंगमधला जो काही जीव आहे तो या एका व्यवस्थेत आहे, आणि ती जिथे मोडली जाते तिथे आपण म्हणता तशी परेड आणि प्रमाणपत्रे तेवढी उरतात, हेही मला मान्य आहे.

आता जे सांगते आहे ते आमच्या शाळेच्या अशाच एका डिसेंबरातल्या शिबिराविषयी आहे. जागा रामटेकच्या अलीकडे, एका शेतकऱ्याच्या पडीक शेतात होती. शेजारी आंब्याची झाडे होती आणि त्यांच्याखाली तंबू लावावेत असा मुलींचा आग्रह होता, पण वीज आणि मोडक्या फांद्या या दोन कारणांसाठी तंबू झाडाखाली लावायचे नसतात, म्हणून ते उघड्यावर लागले. चार पॅट्रोल होते. गाइडमध्ये पॅट्रोलला फुलांची नावे असतात, त्याप्रमाणे जास्वंद, मोगरा, शेवंती आणि कमळ. तंबू जुने, जाड कापडाचे, आणि दोर सुती होते. जमीन आपल्याकडची काळी कसदार माती, जी कोरडी असताना खुंटी ठोकणाऱ्याचे हात सोलते आणि भिजली की तीच खुंटी दोन बोटांनी उपसून येते.

विदर्भात हिवाळ्यातही अधूनमधून अवकाळी पाऊस येतो, तसा तो पहिल्याच रात्री, सगळे झोपल्यावर आला. मी कंदील घेऊन बाहेर आले तेव्हा जास्वंदची लीडर, आठवीतली एक किडकिडीत मुलगी, आधीच चिखलात उभी होती आणि तंबूचे दोर सैल करत होती. ज्यांनी सुती दोरांचे तंबू वापरलेले नाहीत त्यांना हे उलटे वाटेल, कारण वादळात दोर ताणावेत असे कोणालाही वाटते. परंतु सुती दोर भिजला की आखडतो, आणि तो वेळीच सैल केला नाही तर ओल्या मातीतली खुंटी स्वतःच ओढून काढतो. हे मी तिला दुपारी एकदा सांगितले होते. रात्री तिला ते आठवले आणि तिने इतर तिन्ही लीडरना उठवून सैल करायला लावले.

पुढचे मात्र मी सांगितलेले नव्हते. खुंट्या तरीही निघू लागल्या, तेव्हा या मुलींनी लाठ्यांच्या मधोमध क्लोव्ह हिच नावाच्या गाठीने दोर बांधला, लाठ्या फावड्याने खणलेल्या चरात आडव्या पुरल्या आणि वरून दगड रचले. पायोनिअरिंगमध्ये, म्हणजे दोर आणि लाठ्यांनी पूल वगैरे बांधण्याच्या कामात, या प्रकारचा आधार शिकवतात, पण तो त्यांच्या अभ्यासक्रमात अजून यायचा होता. बहुधा मोठ्या मुली पूल बांधत असताना तो कोणीतरी पाहिला असावा. कमळचा तंबू काही केल्या उभा राहीना, म्हणून त्यांनी तो उतरवला, कापड घडी करून त्यावर दगड ठेवले आणि त्या तंबूतल्या मुली इतर तीन तंबूंत वाटून दिल्या. आतल्या मुलींना एकच सूचना होती, ओल्या कापडाला आतून हात लावायचा नाही, कारण जिथे बोट लागते तिथून पाणी झिरपू लागते. मी मदतीला पुढे झाले तेव्हा जास्वंदच्या लीडरने माझ्याकडे न पाहताच म्हटले, “मॅडम, तुम्ही कंदील धरा फक्त, आम्ही करून राहिलो ना.” मी कंदील धरला. माझ्या नोकरीत मला मिळालेली सर्वांत मोठी शाबासकी ती होती असे मी आजही मानते.

पाऊस पहाटे थांबला. गोवऱ्या आणि काटक्या त्यांनी रात्रीच ताडपत्रीत गुंडाळून तंबूत घेतल्या होत्या, त्यामुळे सकाळी विस्तव पेटला. त्या दिवशी बिनभांड्यांच्या स्वयंपाकाची पाळी होती आणि शिबिरांसाठी छापलेल्या पुस्तकांत बटाटे चिखलात लिंपून भाजण्याचे जे प्रकार असतात ते बाजूला ठेवून आमच्या मुलींनी रोडगे ठरवले होते. रोडगे हा आपल्या विदर्भातला बिनभांड्यांचाच पदार्थ आहे: कणकेचे घडीचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचे, फुटू लागले की काढून राख झटकायची आणि तुपात बुडवायचे. वांगीही त्याच विस्तवात भाजली जात होती. मुली ओल्या होत्या, दमल्या होत्या, आणि इतक्या मोठ्याने बोलत होत्या की शेतकरी पाहायला आला.

तेवढ्यात शाळेची बस आली. तिच्यातून आमचे क्रीडाशिक्षक उतरले आणि संस्थेचा निरोप त्यांनी वाचून दाखवला, की पावसामुळे शिबिर रद्द झाले असून मुलींना तत्काळ परत आणावे. आकाश तोवर निरभ्र झाले होते. तंबू उभे होते, एकही मुलगी आजारी नव्हती, हे मी त्यांना दाखवले. त्यांनी ते पाहिलेही. पण निरोप आला होता, आणि एका पालकांनी रात्री संस्थेत दूरध्वनी केला होता. अर्धे कच्चे रोडगे निखाऱ्यातच राहिले आणि मुलींना बसमध्ये बसवण्यात आले. दुपारी त्यांनी नकाशा आणि होकायंत्र घेऊन खिंडसी तलावाच्या दिशेने जायचे होते, आणि संध्याकाळी ध्रुवतारा शोधायचा होता. डिसेंबरात संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, तेव्हा शर्मिष्ठा या तारकासमूहावरून तो काढावा लागतो. नागपूरचे अक्षांश 21 असल्यामुळे तो क्षितिजापासून 21 अंशांवर, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींच्या उंचीवर सापडतो. हे सारे राहिले. ज्या संकटातून मुली स्वतः बाहेर पडल्या होत्या, त्यातून त्यांना वाचवल्याचे नंतर शाळेच्या सभेत सांगण्यात आले, आणि ज्यांनी वाचवले त्यांचे आभारही मानले गेले.

पुढच्या वर्षापासून संस्थेने शिबिर एका कंत्राटदाराकडे दिले. पक्के छप्पर, गाद्या, तिन्ही वेळचे जेवण, टेकडीवरून दोरीने घसरणे आणि टायरांतून रांगणे असा तो कार्यक्रम होता. मी सोबत गेले होते. मुली उन्हात रांगेत उभ्या राहत, पाळी आली की मिनिटभर दोरीवर जात आणि पुन्हा रांगेच्या शेवटी येत. पॅट्रोल नव्हते, कारण रांगेला पॅट्रोलची गरज नसते. आमचे क्रीडाशिक्षक अत्यंत समाधानी होते. “याला साहस म्हणतात,” असे त्यांनी मला ऐकवले, आणि तंबू ठोकणे व रोडगे भाजणे ही गृहविज्ञानाची कामे आहेत असेही म्हटले. त्यावर मी त्यांना विचारले होते की आज मुलींनी एक तरी गोष्ट स्वतः ठरवली का. त्यांनी उत्तर दिले नाही, आणि हा वाद आम्ही दोघेही निवृत्त होईपर्यंत सुटला नाही. ते हे वाचत असतील तर माझा प्रश्न अजून तसाच आहे.

आपल्या प्रश्नाकडे येते. पाठवा, पण आधी शाळेला तीन गोष्टी विचारा. स्वयंपाक कोण करणार, तंबू कोण लावणार, आणि रात्री काही घडले तर पहिली हाक कोणाला जाणार. तिन्हींचे उत्तर पॅट्रोल असे आले, आणि मुलांना मागून आधार देणारे प्रशिक्षित स्काउट मास्तर तिथे दिवस-रात्र असतील, तर आपल्या मुलाला जे मिळेल ते पैशांनी विकत मिळत नाही. पथकाचे स्कार्फ फक्त 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला कपाटाबाहेर निघत असतील, तर मात्र आपली शंका खरी आहे. प्रवेशापासून प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, पुढे राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार या पायऱ्या काही शाळांत नुसत्या वह्या भरून चढवल्या जातात, हे मी पाहिले आहे. तशा प्रमाणपत्राच्या मुलाला विस्तव पेटवता येत नाही.

दोरीच्या खेळांविषयी माझा राग वाचून आपला गैरसमज होऊ नये म्हणून सांगते, की कडा उतरणे हे उत्तम शिक्षण आहे, फक्त ते शिकवणारा शिकलेला असावा आणि मुलाला दोर स्वतः तपासायला लावणारा असावा. भारत स्काउट्स आणि गाइड्सची राष्ट्रीय साहस संस्था पचमढीला आहे आणि पचमढी नागपूरहून फार लांब नाही. मुलगा थोडा मोठा झाला की तिथल्या शिबिरांची चौकशी जरूर करा.

काही गोष्टींत मी कोणाचेही ऐकत नाही, मुलांचेही नाही. शिबिर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच घ्यावे. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांपलीकडे जातो, तेव्हा उघड्यावर मुले नेणाऱ्याला मी साहसी म्हणणार नाही. जागा तलाव किंवा नदीजवळ असेल तर पाण्यात उतरणे पूर्ण बंद हवे, पोहता येणाऱ्यांनाही. जमिनीवर झोपताना मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचलेली असावी, कारण मण्यार रात्री फिरते आणि झोपेत तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. दंश झाल्यास जुन्या पुस्तकांत लिहिल्याप्रमाणे आवळपट्टी बांधणे किंवा काप देणे हे करायचे नाही, अवयव हलू न देता थेट रुग्णालय गाठायचे. वाटेत झाडावर किंवा कड्यावर आग्या मोहोळ दिसले तर खाली धूर करायचा नाही आणि दगड मारणाऱ्या मुलाला त्याच दिवशी घरी पाठवायचे. व्याघ्र प्रकल्पात वनखात्याच्या परवानगीशिवाय पायी भटकता येत नाही, तेव्हा कोणी पेंचच्या जंगलात हायकिंगचे आश्वासन देत असेल तर तशी परवानगी आहे का हे आधी विचारा. मुलाला दमा, फिट किंवा कसली ॲलर्जी असेल तर ती लेखी द्या. तोंडी सांगितलेले शिबिराच्या गडबडीत विसरले जाते.

शिबिर सुरू झाल्यावर पाऊस आला तर स्काउट मास्तरांना एकदाच दूरध्वनी करा, मुले सुरक्षित आहेत का एवढेच विचारा, आणि ते हो म्हणाले तर संस्थेच्या अध्यक्षांचा क्रमांक शोधू नका.