वाचकांचे प्रश्न : आधी कान, मग पाना

प्रश्न : माझ्याकडे वीस वर्षांहून जुनी, दोन आसनांची, मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार आहे. ताशी ६० किलोमीटरच्या पुढे गेले की केबिनमध्ये अशी घरघर भरते की शेजारच्याशी बोलताना आवाज चढवावा लागतो. आधीच्या मालकाने टायर बदलले होते आणि सस्पेन्शनचेही काही काम करून घेतले होते. संपूर्ण तळावर ध्वनिरोधक शीट बसवून घ्यावी, असा सल्ला मला गॅरेजमध्ये मिळाला. तो मानावा का?

उत्तर : इतक्यात मानू नये. शीट उपयोगी असते, पण तिची पाळी शेवटी येते. घरघर बेअरिंगची असेल आणि तुम्ही तिच्यावर शीटचा थर चढवलात, तर वेळीच सावध करणारा आवाजच तुम्ही दाबून टाकाल आणि बेअरिंग मात्र झिजतच राहील.

सुरुवात आवाज कशाबरोबर बदलतो हे पाहण्यापासून करावी. मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी ८० च्या वेगाने जाताना गाडी क्षणभर न्यूट्रलमध्ये घालावी; इंजिन मात्र बंद करू नये, कारण ब्रेक आणि स्टिअरिंगला मिळणारी मदत त्याच्याबरोबर जाते. इंजिनाचे फेरे उतरताच घरघर ओसरली, तर सायलेन्सर, इंजिनाचे माउंट किंवा गिअरबॉक्स यांच्याकडे वळावे. ती तशीच राहिली, तर उगम चाकांपाशी किंवा त्यांच्या आसपास आहे. ॲक्सिलरेटर दाबला की एक सूर आणि सोडला की दुसरा, असे होत असेल तर मागच्या डिफरन्शियलवर, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या पेटीवर, संशय घ्यावा. याउलट, खडबडीत रस्ता संपून गुळगुळीत डांबर सुरू होताच आवाज एकदम निम्मा झाल्यासारखा वाटला, तर बेअरिंग आणि डिफरन्शियल बहुतेक निर्दोष ठरतात, आणि उरतात ते टायर, सस्पेन्शनच्या सांध्यांतील बुश (धक्के शोषणाऱ्या गुटक्या) आणि पत्रा.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय टायरवर आहे. टायर बदलले होते हे खरे, पण ते केव्हा बदलले हे टायरवरच वाचावे. त्याच्या बाजूवर लंबगोलात चार अंक असतात, त्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात; म्हणजे २३१४ असेल तर टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. गाडी क्वचितच बाहेर निघत असल्यास नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर कडक होऊन गेलेले असते आणि कडक रबर रस्त्यावर जोराने वाजते. त्यानंतर तळहात नक्षीवरून आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागले, तर अलाइनमेंट बिघडलेले आहे. घेराच्या दिशेने उंचसखल लागले, तर शॉकॲब्सॉर्बर थकलेले असण्याची शक्यता मोठी. स्पोर्ट्स कारची मागची चाके बहुधा वरच्या बाजूने किंचित आत कललेली असतात, त्यामुळे झीज आतल्या कडेला होते आणि उभ्याने पाहणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. तेव्हा गाडी वर उचलून आतून पाहावे. हा कंटाळा बहुतेक जण करतात, आणि नेमके तिथेच उत्तर असते.

बेअरिंगची घरघर रस्त्याच्या पृष्ठभागाशी देणेघेणे ठेवत नाही, ती वेगाबरोबर चढते. ताशी ६०-७० च्या वेगाने रुंद, सौम्य वळण घेताना भार बाहेरच्या चाकांवर जातो. डावीकडे वळताना घरघर वाढली आणि उजवीकडे वळताना कमी झाली, तर उजव्या बाजूचे बेअरिंग पाहावे. ही खूण सहसा खरी ठरते, पण नेहमीच नाही, कारण वेडेवाकडे झिजलेले टायरही वळणावर असाच सूर बदलतात. म्हणून गाडी स्टँडवर भक्कम टेकवून, इंजिनाची ताकद न मिळणारे, म्हणजे तुमच्या गाडीत पुढचे, चाक हाताने फिरवावे आणि दुसऱ्या हाताची बोटे स्प्रिंगवर ठेवावीत. खराब बेअरिंगची खरखर कानाआधी बोटांना कळते. आवाज कुठून येतो याबाबत कानावर फार विसंबू नये. खर्जातल्या आवाजाची दिशा कानाला नीट कळत नाही, त्यामुळे पुढच्या चाकाची घरघर पाठीमागून आल्यासारखी वाटू शकते.

फोनवरील डेसिबल मोजणारे ॲप तुलनेपुरते चालते, परंतु अशी ॲप बहुधा खर्जातील आवाज कमी धरतात आणि तुमचा त्रास नेमका खर्जातला आहे. त्याऐवजी ध्वनीच्या कंपनसंख्या दाखवणारे ॲप शेजारच्या आसनावरील व्यक्तीच्या हाती द्यावे. चाकाचा घेर दोन मीटरच्या आसपास असतो, म्हणजे ताशी ८० च्या वेगाला ते सेकंदाला सुमारे ११ फेरे घेते. वेग ६० वरून ८० वर नेल्यावर ॲपवरील आलेखाचे शिखर, म्हणजे सर्वांत मोठा सूर, त्याच प्रमाणात पुढे सरकले, तर ते फिरणाऱ्या भागाचे आहे. वेग काहीही असो, शिखर २०० ते २५० हर्ट्झच्या दरम्यान ठाण मांडून बसले, तर तो टायरच्या पोकळीतील हवेचा नाद आहे आणि त्यात बिघाड काहीच नाही.

सस्पेन्शनचे नेमके कोणते काम झाले, हेही शोधून काढावे. मूळ रबरी बुशच्या जागी पॉलियुरेथेनचे कडक बुश बसवले असतील, तर रस्त्याची प्रत्येक खरखर थेट बॉडीत चढते. गाडी वळणावर अधिक नेमकी चालते, पण केबिन ढोलासारखी घुमते. ही अदलाबदल आधीच्या मालकाने जाणूनबुजून केली असावी. ती तुम्हाला हवी आहे का, हे तुम्ही ठरवायचे.

इथवर काही सापडले नाही, तर फटी शोधाव्यात. एखाद्या पत्र्याच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का जागा उघडी असेल, तर उरलेला पत्रा कितीही जाड केला तरी तो २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. वायरी जातात तेथील रबरी बूच, डिकीच्या तळातील बुचे, चाकांवरील प्लास्टिकचे अस्तर आणि मागच्या बंपरआड असलेल्या, केबिनमधील हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा तपासाव्यात. जुन्या गाडीत या झडपांचे रबर आक्रसलेले असते. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावावे आणि ती ओढावी. सहज निघाली तर रबर दबलेले आहे. वाऱ्याची शंका असल्यास दाराच्या सांध्यांवर बाहेरून कागदी चिकटपट्टी लावून तोच रस्ता पुन्हा चालवून पाहावा.

एवढे झाल्यावर कार्पेट उचलून पत्र्यावर बोटाने टकटक करावे. ‘टण’ असा आवाज येतो तिथे मूळचा डांबरी थर सुटलेला आहे किंवा वजन कमी करण्यासाठी काढलेला आहे, आणि शीट तिथेच चिकटवावी. संपूर्ण तळ मढवण्याची गरज नसते. पाणी निचरण्याची छिद्रे मात्र झाकू नयेत, नाहीतर आवाजाऐवजी गंज पदरी पडेल.

प्रश्न : शांत टायर निवडण्यासाठी युरोपीय लेबलवरील डेसिबलचा आकडा पाहावा का?

उत्तर : फारसा उपयोग नाही. तो आकडा गाडीबाहेर, ताशी ८० च्या वेगाने इंजिन बंद ठेवून जाणाऱ्या गाडीच्या मार्गापासून साडेसात मीटर अंतरावर मोजलेला असतो. केबिनमध्ये काय ऐकू येईल, ते टायरची बाजू किती ताठ आहे आणि बॉडी कंपने कशी पेलते यावर ठरते. तुमच्याच मॉडेलवर तोच टायर वापरणाऱ्या मालकाच्या गाडीतून अर्धा तास फिरून यावे, आणि शक्यतो टायर काही हजार किलोमीटर चाललेले असावेत, कारण नवेपणी जवळपास सगळेच टायर शांत असतात.