पेटंट-ट्रेडमार्क शिकाले बसला, त आधी एवढं कर
भाऊ, घाबरू नको, मीबी खेड्यातूनच शिकलो. जाडजूड गाइड आत्ताच घेऊ नको, 1970 चा पेटंट कायदा नि 1999 चा ट्रेडमार्क कायदा मूळच वाच, नेटवर फुकट भेटते.

- पेटंटमधी आधी कलम 3, म्हणजे कशाले पेटंट भेटतच नाही ते. शेती करायची पद्धत त्यातच येते, आपल्या गावातले निम्मे 'शोध' इथंच गळतात बाप्पा!
- पेटंट 20 वर्षं, मंग खलास. ट्रेडमार्क 10 वर्षांचा, पण रिन्यू करत राहिलं त चालतच राहते.
- वायगावच्या हळदीले भेटला तो जीआय (म्हणजे भौगोलिक मानांकन, त्या भागातल्याच मालाची ओळख), ट्रेडमार्क नाही, इथं सारेच गोंधळतात, मी त पेपरातच चुकलो होतो.

पेटंट एजंट (म्हणजे दुसऱ्याचे पेटंटचे अर्ज करून देणारा) व्हायचं असन त सायन्स नाहीतर इंजिनिअरिंगची डिग्री लागते, नुसत्या एलएलबीवर होत नाही. ड्राफ्टिंग-बिफ्टिंग, म्हणजे अर्जाचा मसुदा लिहिणं, सध्या राहू दे.